तू फक्त मिरच्या पाह्यजो

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेला, स्वेटरं उन्हात पडली, की नागपुरात घरात बसून जेवणं कमीपणाचं वाटू लागतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे म्हणा, पानगे म्हणा, हुरडा म्हणा, नाही तर नुसती डब्बा पार्टी. गावाबाहेर कुणाचं तरी शेत असतं, शेतात चिंचेचं झाड असतं आणि त्या झाडाखाली पंगत बसली नाही तर हिवाळा फुकट गेला, असं समस्त खानदानाचं मत असतं. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप वर्षभर गुलाबाच्या फुलांवर जगतो आणि डिसेंबरात एकदम खडबडून जागा होतो. गोवऱ्या कोण आणणार, वांगी कोण, तूप कुणाच्या घरचं, सतरंज्या धुतल्या का, पाण्याच्या कॅन कुणाच्या गाडीत. सगळी मानाची कामं वाटून झाली की शेवटी मोठ्या आत्याचा व्हॉइस मेसेज पडतो, “तुह्यावर काही जड नाही ठेवलं रे बाबू. तू फक्त मिरच्या पाह्यजो.”

आता मिरच्या पाहायच्या म्हणजे काय, ते ऐका. लोक गाडीतून उतरल्या उतरल्या हातात द्यायला मिरचीचे भजे. भज्यांना तोंडी लावायला तळून मीठ भुरभुरलेल्या मिरच्या. रोडग्यांसोबत ठेचा. म्हाताऱ्या मंडळींना आता तिखट सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या. वांग्याच्या भाजीचं खातं माझ्याकडे नसतं, पण ती दरवर्षी कुणाला तरी फिक्की लागते आणि तिच्यावर ओतायला लाल तिखटाची तर्री लागते. ती कोणी करायची? ज्याच्याकडे मिरच्या आहेत त्यानं. एकूण काय, रोडगे आणि सतरंज्या सोडल्या तर कार्यक्रम माझ्या अंगावर असतो आणि घरी येताना कौतुक सतरंजीवाल्याचं होतं.

मोबाइलवर ‘दहा मिनिटांत झटपट मिरची भजी’ दाखवणारी एक बाई आहे. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, पांढरा ड्रेस, मिरच्या चिरते, भरते, तळते, हसते. एकदाही शिंकत नाही. तिथेच मला संशय येतो.

सुरुवात कॉटन मार्केटपासून होते. इतर गावांत गिऱ्हाईक विचारतं, “फार तिखट नाही ना?” आमच्याकडे उलटं. “तिखट आहे का?” असं विचारलं तरी मिरचीवाला अपमान झाल्यासारखा बघतो. “घरी नेऊन पाहा साहेब. डोळ्यातून पाणी नाही आलं तर पैसे वापस.” मी शांतपणे भज्यांच्या मिरच्या मागतो. त्या लांब, जाड, पोपटी, चेहऱ्यानं गरीब. भज्यांची मिरची मवाळ असते असं शास्त्र आहे. पण पाणी कमी पडलं, ऊन जास्त लागलं की झाड त्याचा राग मिरचीत उतरवतं, आणि कोणत्या झाडाला काय सोसावं लागलं हे देठावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे ढिगातली एखादी मिरची निघायचीच, जी आपल्या बहिणींच्या वाट्याचंही तिखट घेऊन जन्माला आलेली असते. बाहेरून सगळ्या सारख्या. ती कुणाच्या भज्यात गेली, हे नंतर किंकाळीवरून कळतं. मात्र किंकाळी मारायला आमच्याकडे बंदी आहे. त्याबद्दल पुढे.

चिरायचं काम पहाटे. एका हातानं मिरची धरायची, सुरीचं टोक देठाखाली खुपसून सरळ खाली ओढायचं, अंगठा आत घालून ती उकलायची आणि आतली पांढरी नस नखानं खरवडून काढायची. मग ओवा, मीठ आणि चिंचेचा कोळ एकत्र करून त्याच अंगठ्यानं आत चोळायचा. वाचताना पाच सेकंद लागतात. हातमोजे घालण्याचा विचार मी घरात बोलून दाखवला होता. बायको म्हणाली, “घाला ना. फक्त आत्याबाईंना फोटो पाठवते.” आत्या ह्या वयातही रोडग्यातला निखारा बोटानं बाजूला सारते. तिच्या ग्रुपवर माझा हातमोज्यातला फोटो गेला असता, तर मला वारसाहक्कातून वगळलं असतं.

मिरचीचा हाताशी व्यवहार उधारीचा असतो. चिरताना काही होत नाही, उलट आपल्याला वाटतं, जमून राह्यलं की! तासाभरानं वसुली सुरू होते. आधी नखांच्या कडा, मग बोटांची पेरं, मग सगळा पंजा. आणि नेमकं तेव्हाच नाक खाजतं. एरवी आठवडा आठवडा माझ्या नाकाला माझी आठवण येत नाही. त्या दिवशी मात्र नाक, डोळा, कानाची पाळी, सगळे अवयव अर्ज घेऊन रांगेत उभे.

अशा वेळी घरात फार्मसी शिकणारा भाचा असू नये. मी नळाखाली हात धरून उभा, आणि हा चहात टोस्ट बुडवत मला शिकवतो आहे.

“मामा, पाण्यानं नाही जात. ते कॅप्सेसिन आहे. तेलात विरघळते.”

“मग आधी काहून नाही सांगितलं बे?”

“तुम्ही विचारलं कुठं? आणि तुम्ही बिया काढल्या, पण तिखटपणा बियांत नसतोच. त्या पांढऱ्या नशीत असते.”

म्हणजे जी मी नखानं खरवडत होतो, तीच. मग खोबरेल चोळून झालं, साबण लावून झाला. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ते कॅप्सेसिन ओढून घेतं, असंही त्यानं सांगितलं, तेव्हा मी हात दह्यात घातले. ते दही भज्यांसोबतच्या कढीचं होतं. ती कढी करायची की नाही, यावर घरात दोन पक्ष पडले. बहुमत करायची याच बाजूनं झालं, फक्त आत्याला सांगायचं नाही असं ठरलं.

भाच्याचं ज्ञान तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण गाडीत तो माझ्या शेजारी, आणि उमरेड रोड लांब. तिखट मोजायची एक पट्टी आहे म्हणे. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये काढलेली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळायचा आणि काही माणसांना चाखायला द्यायचा. जळजळ लागली की आणखी पाणी घाला, पुन्हा चाखा. लागेनाशी होईपर्यंत जितकं पातळ करावं लागलं, तितका त्या मिरचीचा आकडा. शिमला मिरचीला शून्य. आसामकडच्या भूत जोलोकियाचा आकडा दहा लाखांच्या वर गेला आणि २००७ मध्ये गिनीजनं तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवलं. आता पुढे गेल्या तिच्याही कोणी कोणी.

हे ऐकून मी एवढंच म्हणालो की त्या साहेबानं चाखायला बसवलेली माणसं नागपूरची नव्हती, हे विज्ञानाचं नशीब. आमची असती तर पहिल्याच पेल्याला “कायचं तिखट? नुसतं गोड पाणी तर आहे!” म्हणून घाम पुसत उठली असती, आणि जगातल्या समस्त मिरच्यांचा आकडा शिमला मिरचीएवढा लागला असता.

भाचा पुढे सरकला. जिभेवर एक दरवाजा असतो, टीआरपीव्ही-१ त्याचं नाव. डेव्हिड ज्युलियस ह्या शास्त्रज्ञानं तो मिरचीच्याच मदतीनं शोधला आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलात वाटा मिळवला. गंमत अशी, की हा दरवाजा खऱ्या उष्णतेलाही उघडतो, साधारण ४३ अंशांच्या वर. मिरची त्याला फसवून उघडते आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. मला पहिल्यांदाच विज्ञान पटलं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. आमचा तो दरवाजा तेव्हापासून उघडाच आहे, कडी कोणी लावलीच नाही.

“आणि मामा, मिरची आपली नाहीच. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणली, सोळाव्या शतकात.”

मागच्या सीटवरून काका गरजले, “मंग? बख्त बुलंद शाहनं नागपूर वसवलं १७०२ च्या आसपास. म्हंजे मिरची आधी आली, गाव मागून आलं. आपल्यासाठी तर ती पह्यलेपासूनच आहे!” ह्यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं.

शेत उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या वाटेवर. ही भिवापुरी मिरची तर भौगोलिक मानांकन मिळालेली. त्या भागात मिरचीच्या सातऱ्यांवर बाया लाल मिरच्यांचे ढीग घेऊन दिवसभर देठं खुडत बसतात, एकमेकींशी गप्पा मारत. वाटेत एका सातऱ्याजवळून गाडी गेली तेव्हा मी माझे खोबरेल लावलेले हात गुपचूप मांडीखाली घेतले.

मोकळ्या रानात भजे तळणं ही वेगळी परीक्षा आहे. घरी गॅस ऐकतो. रानात चूल वाऱ्याचं ऐकते. बेसनात ओवा, हळद, मीठ, मूठभर तांदळाचं पीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन घातलेलं असतं, हातात मिरची तयार असते, आणि तेवढ्यात वारा फिरतो. तेल थंड पडलं की बेसन मिरचीला सोडून कढईत स्वतःचा संसार थाटतं. तापलं की वरून काळं, आत कच्चं. सल्लागार भरपूर. “जाळ मोठा करा ना बावा.” “कायले? कमी करा थोडा.” हे सांगणारे सगळे वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलेले.

पण भजे ही फक्त तालीम. खरा प्रयोग ठेच्याचा. लोखंडी तव्यावर तेल, त्यात हिरव्या लवंगी मिरच्या, लसणाच्या पाकळ्या, शेंगदाणे. मिरचीच्या अंगावर पांढरे-काळे फोड आले की मीठ आणि मूठभर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि तवा खाली उतरवून तांब्याच्या बुडानं तिथल्या तिथेच रगडायचं. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते, ठेचा होत नाही. तांब्या गोल फिरतो, मिरची चिरडते, शेंगदाणा फुटतो, आणि ह्या सगळ्याच्या आधी, मिरची नुसती तव्याला टेकताच, ठसका उठतो. तो आधी मला गाठतो. मग चुलीमागच्या भाच्याला. मग बांधापलीकडे क्रिकेट खेळणारी पोट्टी खेळ थांबवून खोकतात, बॉलर अर्ध्या रनअपमध्ये बसतो. सगळ्यांत शेवटी झाडाखालच्या सतरंजीवर एक एक करून पदर तोंडाला जातात आणि आत्या खोकल्याच्या दोन उबळींमध्ये समाधानानं म्हणते, “हं. आता आला वास.”

ह्या सगळ्यात चिंचेवर पोपटांचा थवा निवांत. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही, त्यांचा तो दरवाजा कॅप्सेसिनला ओळखत नाही, असं भाच्यानं डोळे पुसत सांगितलं. आत्या म्हणाली, “मंग काय झालं? तुह्या मोठ्या काकालेही नाही लागत.”

आणि इथे आपण त्या बंदीपाशी येतो. नागपुरात जेवताना काहीही बोललेलं चालतं. ‘तिखट झालं’ एवढं चालत नाही. ते बोलणारा माणूस बाहेरून आलेला असतो, किंवा जावई. सावजीच्या हॉटेलात रश्शावर चार बोटं तर्री तरंगते, समोरच्याच्या टाळूतून घाम फुटतो, आणि तो वेटरला हाक मारून लिंबू मागतो, पाणी नाही. पाणी मागणं म्हणजे कबुली. रानातल्या पंगतीतही हाच कायदा. पहिला घास गेला की मी आचाऱ्याच्या नजरेनं ओळीनं चेहरे पाहतो. मेहुण्याचे कान लाल. तो म्हणतो, “आज ऊन आहे बाप्पा!” चुलतभाऊ रुमाल काढून चष्मा पुसतो, मग नाक, मग पुन्हा चष्मा. वहिनी गुळाचा खडा शोधते आहे, पण लहान मुलासाठी. लहान मूल केव्हाचं झोपलं आहे. एकानं रोडग्यावर तूप ओतून घेतलं, पुन्हा ओतून घेतलं, आणि “कोलेस्टेरॉलले काही होत नाही” असं कोणी न विचारता सांगितलं. कढी इतक्या वेगानं संपली की तिच्या दह्याचा इतिहास सांगायची पाळीच आली नाही.

मोठे काका मात्र सरळ बसलेले. ठेच्याचा गोळा बोटावर, रोडग्याचा तुकडा, घास. चेहऱ्यावर सुरकुती नाही. फक्त उचकी.

“काका, पाणी देऊ?”

“कायले? उच्. मले तर फिक्का लागून राह्यला. उच्. जोर नाही यंदाच्या मिरचीत.”

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. हो ना, यंदा पाऊसच जास्त झाला. मिरची पहिलेसारखी राह्यली नाही. पुढच्या वेळी ह्याला थोडी अजून तिखट आणायला सांगा. डोळ्यांतून पाणी गळत असलेली अठरावीस माणसं माझ्या मिरचीच्या मवाळपणावर हळहळत होती आणि मी, दोन्ही हात ताकाच्या गंजात बुडवून, ऐकून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. तो दरवाजा नुसता जिभेवर नसतो, अन्न जिथून जिथून जातं तिथे सगळीकडे असतो, थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत, हे भाच्यानं परतीच्या वाटेवर सांगितलं होतंच. रोज सहाला गुलाब टाकणारा ग्रुप दहा वाजेपर्यंत गप्प होता. मेहुण्याचं ऑफिस नऊचं, पण त्याचा ‘लास्ट सीन’ दर पंधरा मिनिटांनी बदलत होता. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

सव्वादहाला आत्याचा मेसेज आला, “काल उरलेल्या ठेच्याची बरणी कोणाच्या पिशवीत गेली? पोह्यावर घ्यायले पाह्यजे होती.”

खाली लगेच मोठे काका, “माह्याकडे आहे. पण आता थोडाच उरला.”