पी, आर, एन, डी आणि आम्ही

जुनी गाडी विकणारे लोक एरवी फार बोलके असतात. टायर थोपटून दाखवतील, काचांवरचं साल वाचून दाखवतील, बॉनेटचे बोल्ट कधी खोललेलेच नाहीत म्हणून त्यांच्यावरून तुम्हाला बोट फिरवायला लावतील. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं विचारलं की मात्र सगळ्यांचं एकच उत्तर: “एकदम मख्खन!” आणि लगेच सनरूफ उघडून दाखवतात.

सिंहगड रस्त्यावर रोज संध्याकाळी क्लच दाबून दाबून आमच्या सौ.च्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला, म्हणून ऑटोमॅटिक. सोसायटीच्या तोंडाशी असलेला खड्डा आता पुढच्या पिढीलाच मिळणार हे नक्की झालं, म्हणून एसयूव्ही. आणि नव्या एसयूव्हीची किंमत ऐकली, म्हणून जुनी. इथपर्यंत सगळं तर्काला धरून होतं.

पण साध्या गाडीचा क्लच गेला तर पायाला कळतं. ऑटोमॅटिकमध्ये त्या पायाला कामच नाही. गिअरबॉक्सचा डबा बंद, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत आतलं तेल बघायला डिपस्टिकसुद्धा नाही. म्हणजे सीटकव्हर डोळ्यांनी बघायचं, आणि बिघडला तर लाखाची भाषा बोलणारा भाग मात्र अंगाला जाणवतो का ते पाहायचं. आमच्या घरात पंखा तीनवर ठेवावा की चारवर यावर अजून एकमत नाही.

गॅरेजवाल्या मामांना विचारलं. मामा स्पॅनर खाली न ठेवता म्हणाले, “साहेब, आधी डबा कुठला ते बघा. एएमटी म्हणजे आत साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतं. त्याने प्रत्येक गिअरला मान डोलावली तर तो त्याचा स्वभाव. टॉर्क कन्व्हर्टरवाल्याने, म्हणजे ज्यात क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे जाते त्याने, डोलावली तर आजार. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, तिथे धक्का बसला तर गाडीतून उतरा आणि रिक्षाने घरी या. आणि ड्युअल क्लचवाला गर्दीत इंच-इंच सरकवला की तापतो.”

“मग नाव बघून कळेल ना?”

मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मारुतीच्या ब्रेझाचंच घ्या म्हणाले. २०१८ची डिझेल ऑटोमॅटिक एएमटी, २०२०ची पेट्रोल चार गिअरांची टॉर्क कन्व्हर्टर, आणि २०२२ला तेच सहा गिअरांचं. फोर्डची इकोस्पोर्ट तर २०१३ला पेट्रोलमध्ये ड्युअल क्लच घेऊन आली आणि २०१७च्या अखेरीस टॉर्क कन्व्हर्टरवर गेली. विकणारा तिन्ही-चारींना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो आणि त्यात खोटं काही नसतं, हीच अडचण.

मामांचा दुसरा नियम: गाडी थंड असताना गाठायची. काही दुखणी तेल थंड असतानाच दिसतात, काही चांगलं अर्धा तास फिरवल्यावर. दोन्ही बघायची. म्हणून वाकडच्या एका गृहस्थाकडे आम्ही डिसेंबरात सकाळी सातला हजर झालो. मी, सौ. आणि मेहुणा, जो यूट्यूबवर या विषयात जवळजवळ पदवीधर झालेला आहे. मी बॉनेटवर हात ठेवला. चांगलं तापलेलं.

“उन्हात उभी होती ना,” गृहस्थ म्हणाले. गाडी दुसऱ्या बेसमेंटमध्ये होती.

तरीही परीक्षा घेतली. ब्रेक दाबून पी म्हणजे पार्किंगमधून आर म्हणजे रिव्हर्स, मग डी म्हणजे ड्राइव्ह. गिअर लगेच, फार तर सेकंदभरात आणि हळूच लागला पाहिजे. उशीर झाला किंवा खालून ‘ठप्प’ आलं तर काळजी. मेहुणा स्टॉपवॉच घेऊन बसला. मी आर टाकला. ठप्प.

“आला,” मागून सौ.

“काही नाही हो,” मेहुणा घड्याळात बघत म्हणाला, “वेळेत आहे.”

“रस्ता खराब आहे इथला,” गृहस्थ म्हणाले. गाडी जागची हललेली नव्हती.

पुढची गाडी कात्रजच्या जुन्या घाटात नेली. मालक बरोबर होते आणि त्यांनी बसल्या बसल्या गाणी लावली. हे मला आता कळू लागलंय: गाण्याचा आवाज आणि गिअरबॉक्सची तब्येत यांचं प्रमाण व्यस्त असतं. मी नम्रपणे गाणी बंद केली, त्यांनी तितक्याच नम्रपणे स्वतःचं बोलणं सुरू केलं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला. अशा वेळी डब्याने एक-दोन गिअर खाली येऊन गाडी ओढायला हवी. इथे आरपीएमचा काटा वर, आवाज वर, वेग होता तिथेच. आवाज साताऱ्याला पोहोचला आणि आम्ही अजून कात्रजमध्येच. “इंजिनात पॉवर बघा!” मालक कौतुकाने म्हणाले. पॉवर होतीच. ती चाकांपर्यंत यायला तयार नव्हती इतकंच. बाह्यवळणावर साठ-सत्तरच्या वेगात, पाय हलका ठेवल्यावर, गुळगुळीत डांबरावर रंबलर लागल्यासारखी थरथरही आली. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि डबा थेट जोडणारा, कुरकुरत असला की असं होतं. सौ.ने थरथर बरोबर ओळखली. मेहुण्याचं मत पडलं, टायरमध्ये हवा जास्त आहे.

मेहुण्याने मग ऑनलाइन एक स्कॅनर मागवला, डॅशबोर्डखालच्या सॉकेटात लावायचा. तिसऱ्या गाडीत त्याने तो लावला आणि निकाल जाहीर केला: एकही दोष नाही. मी मामांना फोन केला. “पाटी कोरी असणं वेगळं आणि रात्री पुसलेली असणं वेगळं,” मामा म्हणाले. “दोषांचे कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही अपूर्ण दिसतात. रेडिनेस, म्हणजे त्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते बघायला सांगा मेहुण्यांना.” रेडिनेसचा पत्ता नव्हता. शिवाय डब्याचं शिकलेलं सगळं रिसेट केलं की धक्के काही काळ दडूनही बसू शकतात, ही पुरवणी मामांनी फुकट दिली.

तेलाचा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं: “लाइफटाइम आहे, बदलायचंच नसतं.” कुणाचं लाइफ, हे कोणी सांगत नाही. जर्मनीची झेडएफ, जिचे डबे कितीतरी महागड्या गाड्यांत असतात, ती स्वतः आपल्या ऑटोमॅटिक डब्यांचं तेल साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. पण झेडएफला जुन्या गाड्या विकायच्या नसतात.

शेवटी सहकारनगरात एक निवृत्त बँक अधिकारी सापडले. बॉनेट बर्फासारखं थंड. फाइल तारखेवार लावलेली, प्रत्येक बिल प्लॅस्टिकच्या पाकिटात, त्यात ७० हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचंही. आर लागला, डी लागला, कुणालाच काही जाणवलं नाही. आमच्या घरातलं हे पहिलं एकमत. मी खुशीत किमतीचा विषय काढला, तर ते म्हणाले, “थांबा. आता माझे प्रश्न. गाडी पूर्ण थांबायच्या आधी आर टाकता का?”

“नाही.”

“चढावर उभी करताना आधी पी की आधी हँडब्रेक?”

मी जरा विचारात पडलो. मागून सौ. म्हणाली, “ब्रेकवर पाय ठेवून एन म्हणजे न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय सोडून बघायचं आणि शेवटी पी. नाहीतर सगळं वजन आतल्या खिट्टीवर येतं.”

काकांनी चष्मा काढला. “ह्या ताई चालवणार असतील तर पाच हजार कमी करतो.”

मेहुणा लगेच पुढे सरकला, “काका, भावोजी अजिबात हात लावणार नाहीत असं लिहून दिलं तर किती?”