अनुदान वाढले, पण अभ्यासाचे कोण पाहणार?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये फॉस्टर केअरची, म्हणजे मूल दत्तक न देता काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याची, सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आणली, तेव्हा माझ्या वाचनात आलेली बहुतेक मराठी चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरत होती: अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तीकडे मूल सोपवावे का, आणि सांभाळलेले मूल दत्तक घेण्यापूर्वीची पाच वर्षांची अट दोनवर आणणे योग्य आहे का. त्याआधी, आई-वडिलांचा किंवा त्यांपैकी एकाचा आधार नसलेल्या मुलांना कुटुंबातच वाढवण्यासाठी असलेल्या महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेची मासिक मदत अकराशेवरून २२५० रुपये झाली, तेव्हा चर्चा रकमेची आणि रखडणाऱ्या हप्त्यांची होती. दोन्ही वाद रास्तच आहेत. परंतु असे मूल सातवीत गणितात मागे पडले, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न मला कोठेच दिसला नाही.

मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते. येथे या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. प्रत्येक सरकारी शाळेत अशा मुलांसाठी एक नियुक्त शिक्षक असतो आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात ‘व्हर्च्युअल स्कूल हेड’ नावाचा अधिकारी असतो. हे दुसरे पद २०१४ च्या कायद्याने बंधनकारक झाले. त्याच्या शाळेला ना इमारत ना घंटा; आपल्या प्राधिकरणाची मुले कोणत्याही गावात शिकत असली, तरी ती सर्व आपल्याच शाळेची आहेत असे मानून त्याने त्यांच्या प्रगतीचा हिशेब ठेवायचा असतो. प्रत्येक मुलाची शैक्षणिक योजना दर सत्राला तपासली जाते, दर मुलामागे वर्षाला सुमारे अडीच हजार पौंडांचा वेगळा निधी या अधिकाऱ्याच्या हाती असतो आणि शाळाप्रवेशात या मुलांना पहिले प्राधान्य मिळते.

एवढे असूनही सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत या मुलांचे सरासरी गुण सर्व मुलांच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी भरतात. मुले घरी सोसून आलेली असतात, हे एक कारण. दुसरे आपल्या हातातले आहे: घर बदलले की शाळा बदलते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की शेवटच्या दोन वर्षांत शाळा बदललेल्या मुलांचे निकाल लक्षणीयरीत्या खालावतात. सामाजिक कार्यकर्ते बदलत राहतात, नवे फॉस्टर घर कधी दुसऱ्या जिल्ह्यात मिळते, आणि आढाव्याच्या बैठकीसाठी मुलाला नेमके तासातून उठवून नेले जाते. (बैठकीचा विषय पुष्कळदा त्याची शाळेतली अनुपस्थिती हाच असतो.)

येथेच महाराष्ट्राची एक जमेची बाजू दिसते. बालसंगोपनातील पुष्कळ मुले आजीकडे, मावशीकडे, काकांकडे किंवा एकट्या आईकडे असतात. गाव तेच राहते आणि बहुधा शाळाही तीच. इंग्लंड ज्या स्थैर्यासाठी धडपडते, ते आपल्याकडे नात्यातून आपसूक मिळते. म्हणून इंग्लंडच्या यंत्रणेची नक्कल करण्याची गरज नाही आणि तेवढा पैसाही नाही. हवी आहे ती एकच गोष्ट, आणि ती जवळपास फुकट आहे: प्रत्येक शाळेत या मुलांसाठी नावानिशी जबाबदार असलेला एक शिक्षक. त्याने हजेरी आणि गुण यांची माहिती दर सत्राला अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला कळवावी आणि दहावीच्या वर्षात मुलाचे ठिकाण बदलण्यापूर्वी समितीने या शिक्षकाचे मत घ्यावे.

कागदपत्रांची कटकटही त्यानेच अंगावर घ्यावी. शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते. पण हे खिडकीपाशी उभ्या असलेल्या आजीला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा खिडकीच्या आतल्या माणसालाही नसते. वडिलांची सही, आधार, जातीचा दाखला यांपैकी प्रत्येक गोष्ट अशा मुलासाठी वेगळा हेलपाटा असतो.

राहिला वयाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये मूल आणि फॉस्टर पालक दोघांची तयारी असेल, तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहता येते. बालसंगोपनाची मदत मात्र अठराव्या वर्षी थांबते, आणि ते वर्ष अनेकांच्या बाबतीत बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच येते. मदत वाढदिवसाला न थांबवता किमान निकाल लागून पुढचा प्रवेश होईपर्यंत चालू ठेवावी. रकमेचा पुढचा वाद झडेल तेव्हा ही मागणी त्यात असायला हवी.