सूर्यनमस्कार पतंजलींचे नाहीत, आणि गोळ्यांना पर्याय तर नाहीतच

‘पाच हजार वर्षांपूर्वी पतंजलींनी योगसूत्रात सांगितलेले बारा आसनांचे सूर्यनमस्कार, इंग्रजांनी बंदी घातलेली विद्या’ हा मेसेज सध्या साताऱ्यात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. कराडच्या आत्याने तो खरा धरला, म्हणून आता गप्प बसवत नाही.

योगसूत्रं उघडून बघा की एकदा! आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादात म्हणजे प्रकरणात, ‘स्थिरसुखमासनम्’पासून पुढे. सूर्यनमस्काराचा शब्दही नाही. हठयोगाचे जुने ग्रंथ घ्या: हठप्रदीपिकेत १५ आसनं, घेरंडसंहितेत ३२. हा क्रम तिथेही नाही.

खरा संताप आहे तो शेवटच्या ओळीचा: ‘रोज उपाशीपोटी १०८ नमस्कार घाला, बीपी-शुगरच्या गोळ्या कायमच्या बंद.’ आत्या सत्तरीची. गोळ्यांची पाकिटं फ्रीजवरच्या डब्यात न फोडलेली, आणि ही गुडघ्यांना क्रेप बँडेज गुंडाळून पहाटे सतरंजीवर. भोवळ येऊन भिंतीला टेकली तेव्हा घरात कळलं. अशा ओळी लिहिणाऱ्याला आणि न वाचता पुढे ढकलणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. गोळ्या बंद करायच्या की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

जुन्या ग्रंथाचाच आधार हवा असेल तर हा घ्या. हठप्रदीपिकेवर ब्रह्मानंदांची ‘ज्योत्स्ना’ ही एकोणिसाव्या शतकातली टीका, म्हणजे भाष्य, आहे. पहिल्या उपदेशातल्या (प्रकरणातल्या) ६१व्या श्लोकावर लिहिताना, साधकाने टाळायच्या कायक्लेशांमध्ये ते फार सूर्यनमस्कार घालणं आणि फार ओझी वाहणं एकाच दमात सांगतात. म्हणजे नमस्कार तेव्हा होते, हे मला मान्य करावंच लागेल. सूर्याला साष्टांग नमस्कार घालायची रीत जुनी आहे, समर्थांच्या नमस्कारांच्या गोष्टी तर आपण सज्जनगडाच्या पायथ्याशीच ऐकत वाढलो. पण ती उपासना होती. हठयोग्यांच्या लेखी तो योगाचा भाग नव्हता, आणि अतिरेक तर त्यांनी नकोच म्हटलाय.

इंग्रजांची बंदी? आपल्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली खुद्द लंडनमधून निघालं.

आणि त्याच औंधचं नाव मेसेजमध्ये कुठेही नाही. भवानराव आधी सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करायचे. मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून १९०८च्या सुमारास ते नमस्कारांकडे वळले. मग स्वतः रोज घातले, संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडून घालून घेतले, पुस्तकं लिहिली. आज योगवर्गात दिसणारा सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घरोघरी गेला तो मुख्यतः या खटपटीमुळे. सातारा-सांगलीच्या माणसांचं हे काम आपणच पुसून पतंजलींच्या नावावर टाकायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

राजांच्या त्या इंग्रजी पुस्तकात स्थिती दहा आहेत. हजारो वर्षं जसाच्या तसा चालत आलेला क्रम असता, तर शंभर वर्षांच्या आत दहाचे बारा झाले नसते.