जुन्या तोड्यांची घट आणि टंच: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

आजीचे तोडे आणि रुपयांचा हार मिळून 400 ग्रॅम चांदी दिली, हिशेबात मात्र शुद्ध 262 ग्रॅमच धरली, असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या दुकानातल्या मशीनने 88 टंच (शंभरात 88 भाग शुद्ध चांदी) दाखवला होता आणि 'त्याच चांदीचे नवे तोडे करा' म्हटलं तर आम्ही नकार दिला, म्हणून एक स्टार. आजीचा डाग (दागिना) मोडीत घालताना जीव तुटतो, त्यामुळे सगळा हिशेब इथंच मांडतो.

400 ग्रॅम वितळवून ओतलेली लगड (चांदीची वीट) भरली 364 ग्रॅम. मधले 36 ग्रॅम म्हणजे मुख्यतः पोकळ तोड्यांतली लाख, सांध्यांतला मळ आणि घुंगरांतले खडे. लाख तर मूस (वितळवायचं भांडं) लाल व्हायच्या आधीच जळून जाते. जुन्या डाकात (सांधे जोडायच्या धातूत) जस्त असतं. ते 907 अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर होतो. शुद्ध चांदी वितळायलाच 962 अंश लागतात.

आता टंच. मशीनचा 88 खोटा नव्हता, पण तो वरच्या थराचा होता. डाग घडवताना तापवला की वरचं तांबं काळं पडतं, मग तेजाबात (आम्लात) टाकल्यावर ते विरघळतं आणि पृष्ठभागावर चांदीच जास्त उरते. मशीन काही शतांश मिलिमीटरच आत बघतं. म्हणून आम्ही आधी सगळं वितळवतो, कांडीने ढवळतो, लगड ओततो आणि तिच्या वरून-खालून छिद्र पाडून नमुना घेतो. तो आला 72 टंच. 364 चे 72 टक्के म्हणजे 262.

'जुनी चांदी म्हणजे शुद्धच' हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. राणीछाप रुपया 91.7 टक्क्यांचा, निजामाचा हाली रुपया साधारण 82 चा. पण 1940 पासून इंग्रजांच्या रुपयात चांदी निम्मीच राहिली. बाकी 40 टक्के तांबं आणि 5-5 टक्के निकेल व जस्त. 1947 चा रुपया तर नुसता निकेलचा. तुमच्या हारात बरेचसे रुपये 1940 नंतरचे, सहाव्या जॉर्जच्या छापाचे होते. (राणीछाप रुपये कुणाकडे असतील तर ते मोडीत घालूच नका. नाणं म्हणून त्यांना जास्त किंमत येते.)

आता नकाराचं कारण. 72 ची लगड 925 ला (म्हणजे 92.5 टंचाला) न्यायची तर 364 ग्रॅममध्ये 995 ग्रॅम शुद्ध चांदी घालावी लागते. तुम्हाला हवे होते 283 ग्रॅमचे तोडे. त्यापेक्षा तुमचं 262 ग्रॅम शुद्ध जमा धरून त्यात 21 ग्रॅम तांबं घातलं की नेमके 283 होतात, आणि तेच आम्ही सुचवलं.

72 चेच करून दिले असते तर? तुमच्या तोड्यांना दोन ठिकाणी कल्हईवाल्याचा मऊ, राखाडी डाक होता. त्यात शिसं असतं. चांदीत ते थोडंसं मिसळलं तरी कणांच्या सीमांवर जाऊन बसतं, आणि शिसं-चांदीचं मिश्रण 304 अंशांनाच पातळ होतं. पत्रा नरम करायला 600 ते 650 अंशांचा ताव द्यावा लागतो. त्या तावात सीमा आतून सुटतात आणि रोलमध्ये (पत्रा लाटायच्या यंत्रात) घातल्याबरोबर पत्र्याच्या कडा करवतीसारख्या फाटतात. टाकणखार (वितळवताना मळ काढायचा क्षार) कितीही टाका, हे शिसं निघत नाही. त्याला रिफायनरीच लागते. असा तोडा दुकानात झकास दिसतो आणि पुढं फासापाशी चिरतो.

चांगल्या चांदीतही काळजी घ्यावीच लागते. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते. पत्र्याला फोड येतात ते त्यामुळे. म्हणून मुशीत वर कोळशाची पूड, आणि रेजा (लगड ओतायचा साचा) आधी गरम करून तेल लावलेला. रेजा ओला राहिला तर चांदी उसळून अंगावर येते.

लगडीचे दोन्ही नमुने तुमच्या नावाने सीलबंद ठेवलेत. तुम्ही म्हणाल त्या प्रयोगशाळेत द्या, फक्त मशीनवर न बघता रासायनिक तपासणी करून घ्या. खर्च आमचा. टंच 72 पेक्षा जास्त आला तर फरकाची चांदी त्याच दिवशी देऊ. नवे तोडे करायचे ठरलं तर हॉलमार्क करूनच देतो. चांदीला तो सक्तीचा नाही, पण त्यावरचा एचयूआयडी नंबर (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) तुम्हाला बीआयएस केअर ॲपवर स्वतः तपासता येईल.