‘काम आवडलं की थकवा येत नाही’ हे खरं नाही

शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: “बर्नआउट हे आळशी माणसाचं निमित्त. कामावर प्रेम करा, थकवा येणारच नाही. आलाच तर सुट्टी घ्या, ध्यान करा. आणि कुरकुऱ्यांपासून लांब राहा.” जिल्हा परिषदेच्या शाळेत मी १९ वर्षं शिकवतेय. मला हे पटत नाही. बर्नआउट म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून पार रिकामा होणं.

आधी प्रेमाचं. बर्नआउटवर १९७४ साली लिहिलं ते हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने. त्याने पाहिलेली माणसं न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात आपणहून राबणारी होती, तो स्वतःही त्यांतलाच. जीव ओतणारेच आधी विझत होते.

सुट्टी, ध्यान हवंच. पण जूनमध्ये ताजी होऊन आलेली बाई पंधरा दिवसांत पुन्हा तशीच होते, कारण ओझं जागचं हललेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटचा संबंध कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणाशीच जोडलाय. थकवा, कामाबद्दल आलेला कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशी तीन लक्षणं दिलीत.

म्हणजे तो कुरकुऱ्या याच दुखण्यातला. हे मी स्वतःवरून सांगते. दुसरीतल्या एका मुलीने पहिल्यांदाच ‘पुस्तक’ हा शब्द अडखळत, पण पूर्ण वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवर खिचडीच्या लाभार्थ्यांचा आकडा भरत होते. “हं, बस,” म्हणाले. ती बसली. त्या काळात स्टाफरूममध्ये माझं एकच पालुपद असायचं, “काय फरक पडतोय?” मुलं मला नकोशी झाली नव्हती. त्यांच्यापर्यंत पोचायला माझ्यात काही उरलंच नव्हतं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करतं. तरी “माहिती तात्काळ सादर करा” थांबत नाही.

आमच्याकडे फरक पडला तो साध्या गोष्टीने. मुख्याध्यापकांनी आम्हा चौघांना बसवून कामं लिहून काढली आणि ऑनलाइन माहितीची पाळी लावली. पाळी नसलेल्या आठवड्यात वर्गात मोबाइल कपाटात. सहानंतर ग्रुपवर काम टाकायचं नाही. वरून येणारी पत्रं तेवढीच आहेत. पण आता सकाळचा पहिला तास माझा आणि मुलांचा असतो, आणि कोणी वाचायला उभं राहिलं की मी पुस्तक मिटून त्याच्याकडे बघते.