बी कॉम्प्लेक्स उपाशीपोटीच घ्यायची, हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर सध्या फिरतंय की बी कॉम्प्लेक्सची गोळी सकाळी उपाशीपोटीच घ्यायची नाहीतर अंगी लागत नाही, आणि मळमळलं तर समजायचं गोळी काम करतेय. प्लीज असं करू नका. मळमळ म्हणजे गोळी पोटाला सोसत नाहीये, एवढंच. ही व्हिटॅमिन्स पाण्यात विरघळणारी असतात, नाश्ता किंवा जेवणानंतर घेतली तरी व्यवस्थित शोषली जातात, उलट बी २ तर जेवणासोबत जास्त चांगलं शोषलं जातं.

विकत घेताना पाठीमागचं लेबल नक्की वाचा. बऱ्याचदा त्रास बी चा नसतोच, सोबत घातलेल्या लोहाचा किंवा झिंकचा असतो, लोहाने मळमळ, बद्धकोष्ठता होते हे तर गरोदर बायकांना चांगलंच माहीत असतं. बी ३ निकोटिनिक ॲसिडच्या रूपात जास्त डोसमध्ये असेल तर चेहरा लाल होतो, पोटात जळजळ होते, त्यापेक्षा निकोटिनामाइडवाली (हे बी ३ चंच दुसरं रूप) बरी. आणि बी ६ जास्त डोसमध्ये खूप महिने घेतलं तर हातापायाला मुंग्या येऊ शकतात, म्हणून स्ट्राँग म्हणजे चांगली असं काही नसतं.

लघवी पिवळीधमक होते ती बी २ मुळे, घाबरू नका.

मेटफॉर्मिन (डायबिटीसचं औषध) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील किंवा शाकाहारी असाल तर मात्र बी १२ कमी पडू शकतं, म्हणून त्याची टेस्ट करून घ्या आणि डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.