फ्रीहोल्डरची चूक सिद्ध करावी लागत नाही

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज सारखा फिरतोय. म्हणे इमारतीचा कारभार फ्लॅटधारकांना हवा असेल, तर फ्रीहोल्डरचा (इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाचा) गैरकारभार कोर्टात सिद्ध करावा लागतो, सगळ्या फ्लॅटच्या सह्या लागतात, नोटिशीत एक चूक झाली की दावा बाद. आणि जिंकलात तर ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं, बंद. यातलं एकही विधान खरं नाही. सर्व्हिस चार्जने, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या बिलांनी, पिचलेली माणसं हे वाचून हात टेकतात, म्हणून लिहितेय.

2002 च्या कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म अ‍ॅक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘राइट टू मॅनेज’ (आरटीएम), म्हणजे फ्लॅटधारकांना इमारतीचा कारभार हाती घ्यायचा हक्क, दिला; त्यात कुणाचा दोष दाखवावाच लागत नाही. फ्रीहोल्डरची संमतीही लागत नाही. गैरकारभार दाखवून ट्रिब्यूनलकडून (असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडून) मॅनेजर नेमून घ्यायची वाट वेगळी, ती 1987 च्या कायद्यातली. मेसेजमध्ये दोन्हींची गल्लत झालेली दिसते.

सह्यांचं म्हणाल, तर आरटीएम कंपनीत, म्हणजे हा हक्क वापरायला फ्लॅटधारक काढतात त्या कंपनीत, एकूण फ्लॅटच्या निम्म्यांचे लीजधारक (लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, फ्लॅट घेतलेले) सभासद हवेत. 20 फ्लॅट असतील तर 10. शिवाय किमान दोन तृतीयांश फ्लॅट मुळात 21 वर्षांहून जास्त मुदतीच्या लीजवर दिलेले असावेत. खाली दुकानं असल्यामुळे पूर्वी अडलेल्यांनी पुन्हा मोजमाप करावं: बिगर-निवासी जागेची मर्यादा 3 मार्च 2025 पासून 25 टक्क्यांवरून 50 टक्के झाली आहे.

आता नोटिसा. इथे मात्र खरंच नेटाने काम करावं लागतं. सभासद न झालेल्या पात्र शेजाऱ्यांना आधी सहभागाचं निमंत्रण द्यायचं आणि 14 दिवस थांबायचं. मग क्लेम नोटीस, म्हणजे हक्काचा दावा सांगणारी नोटीस: फ्रीहोल्डरला, त्याच्या आणि फ्लॅटधारकांच्या मध्ये दुसरा लँडलॉर्ड असेल तर त्यालाही, आणि प्रत पात्र लीजधारकांना. काउंटर-नोटिशीसाठी, म्हणजे समोरच्याच्या उत्तरासाठी, किमान एक महिना, त्यानंतर कारभार हाती येईपर्यंत किमान तीन महिने. काउंटर-नोटिशीत हक्क नाकारला, तर दोन महिन्यांत ट्रिब्यूनलकडे अर्ज करायचा. ही तारीख हुकली की दावा मागे घेतला असं धरलं जातं. कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी अशी तारीख हीच.

पण प्रत्येक चुकीने दावा बुडत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये ट्यूडर स्टुडिओज प्रकरणात यूके सुप्रीम कोर्टासमोर हाच प्रश्न होता: मधल्या लँडलॉर्डला क्लेम नोटीस दिलीच नव्हती. तरीही दावा टिकला. नोटीस न मिळाल्याने त्या पक्षाची हरकत घ्यायची महत्त्वाची संधी गेली का, हे कोर्टाने पाहिलं. म्हणून नोटीस ढिसाळपणे द्यावी असं नाही, पण एका त्रुटीवर बोट ठेवून समोरच्याने घाबरवलं तर लगेच माघार घेऊ नका.

ग्राउंड रेंट? मालकी बदलत नाही, त्यामुळे लीजमध्ये असेल तर ते द्यावंच लागतं. आणि अनेक ब्लॉकच्या एस्टेटमध्ये राहत असाल, तर ‘सेटलर्स कोर्ट’ नावाच्या इमारतीच्या प्रकरणातला 2022 चा निकाल आधी समजून घ्या: आरटीएम कंपनीकडे आपल्या इमारतीचा कारभार येतो, एस्टेटच्या सामाईक रस्त्यांचा आणि बागांचा नाही. त्यांचं बिल पूर्वीसारखंच येत राहील.